आप्पांची सही

सिरसाळ्याच्या पेठेत रुद्रप्पांचं दुकान कुणाला विचारत जावं लागत नसे. कासरे, दावी, वेसणी, म्होरक्या, घुंगरमाळा, बैलाच्या अंगावर चढणारं जे म्हणून असतं ते सगळं तिथं मिळायचं. गिऱ्हाईक दोर हातात घेऊन पीळ देऊन बघायचं आणि रुद्रप्पा म्हणायचे, "बघ बाबा, मनाचं समाधान होईस्तोवर बघ." पुढं गावात ट्रॅक्टर वाढले, नायलॉनच्या दोऱ्या आल्या, स्टँडवर एसटीडीचे पिवळे बोर्ड लागले, घरांवरून केबलच्या वायरी लोंबायला लागल्या आणि बैलं कमी होत गेली. तरी रुद्रप्पा रोज सकाळी आंघोळ, लिंगपूजा, मग भाकरी, आणि मग दुकान, हा नेम मोडत नसत. गिऱ्हाईक आलं तर आलं, नाही तर पेठेतल्या गप्पा होत्याच.

घरात ते आणि त्यांची थोरली लेक रुद्राणी, दोघंच. रुद्राणी उदगीरकडं दिली होती. मूलबाळ झालं नाही, आणि नवरा काविळीनं गेला. त्याचे दिवस सरले तसं सासरच्यांचं बोलणं बदललं. ज्या दिराला तिनं शाळेत असल्यापासून डबा करून दिला होता, त्यानंच एका सकाळी तिची ट्रंक रिक्षात ठेवली आणि म्हणाला, "वहिनी, आता तुमचं इथं काय हाय?" ती स्टँडवर दिवसभर बसून होती. निरोप मिळाला तसे संध्याकाळी रुद्रप्पा गेले आणि लेकीला घेऊन आले. वाटेत त्यांनी तिला एक शब्द विचारला नाही. घरी आल्यावर बायकोला एवढंच म्हणाले, "ही आता इथंच राहील. कुणी कावून, कशाला म्हणून विचारायचं न्हाई." पुढं आईही गेली. ही पुढची गोष्ट घडली तेव्हा रुद्राणीनं पंचेचाळिशी ओलांडली होती.

धाकटा मुलगा संगमेश माजलगावला होता. धरणाचं पाणी आल्यापासून तिकडं मोटारी, पाइप, पंप यांना मागणी होती; त्याचंच त्याचं दुकान होतं आणि बरं चाललं होतं. महिन्यातून एकदा तो यायचा. आल्या आल्या शर्ट खुंटीला अडकवायचा आणि रुद्रप्पांना ओट्यावर बसवून त्यांच्या पायाची नखं काढायचा. रुद्रप्पांना आताशा नीट दिसत नव्हतं, वाकताही येत नव्हतं. "हलू नका ना आप्पा," तो म्हणायचा. "तू बोट कापशील माझं," रुद्रप्पा म्हणायचे. आतून रुद्राणी हसायची. ह्या घरात भांडण म्हणून काही नव्हतं. भीती तर नव्हतीच. ती बाहेरून आली.

लग्नाच्या हॉलात एक मेळावा होता. 'वारसा मार्गदर्शन, प्रवेश मोफत, अल्पोपहार', अशी पत्रकं पेठेत वाटली होती. औरंगाबादची निश्चिंत वारसा सेवा नावाची कंपनी होती. शेजारच्या कौशल्याबाई म्हणाल्या, "चल ग, बसून तर येऊ. पोहे हाईत म्हणं." दोघी गेल्या. तिथं मोठ्या टीव्हीवर एक फिल्म लावली होती. एक म्हातारा मरतो, पोरं भांडतात, आणि एका बाईला गाठोड्यासकट रस्त्यावर काढतात. बाकीच्या बाया च् च् करत होत्या. रुद्राणीनं पोह्याची बशी खाली ठेवली. जाताना एक पोरगी दारात उभी राहून सगळ्यांची नावं-पत्ते लिहून घेत होती. रुद्राणीनं आपलं नाव सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी दुपारी दारात मोटारसायकल थांबली. तिशीतला माणूस, गळ्यात टाय, कमरेला पेजर, उन्हानं तोंड लाल झालेलं. "ताई, मी रविराज. काल मेळाव्याला आला होतात ना?" असं म्हणत तो आत येऊन बसलासुद्धा.

रुद्रप्पा जेवून दुकानात निघाले होते. त्यांनी उभ्याउभ्याच ऐकून घेतलं. मृत्युपत्र म्हणजे काय, ते नसलं तर काय होतं, कंपनी ते कसं लिहून देते, कसं सांभाळून ठेवते.

"मला एक लेक, एक ल्योक," रुद्रप्पा म्हणाले. "दोघांचं पटतंय. मला कागद नको."

"बाबा, सगळे असंच म्हणतात."

"मग सगळे बरोबर म्हणत असतील." ते चप्पल घालून लेकीला म्हणाले, "उन्हाचा आलाय. चहा पाज आन लावून दे."

चहा झाला तरी रविराज उठला नाही. त्यानं पाणी मागितलं. भिंतीवरच्या फोटोकडं बघून विचारलं, "हे कोण?" रुद्राणीनं सांगितलं. त्यानं इतक्या हळुवारपणे पुढचं विचारलं की तिनं पुढचंही सांगितलं. ट्रंक, रिक्षा, स्टँड. इतक्या वर्षांत तिनं हे कुणाला सलग सांगितलंच नव्हतं, कारण कुणी सलग विचारलंच नव्हतं. त्यानं मान खाली घालून सगळं ऐकलं.

"तुमच्या मालकांनी एक कागद करून ठेवला असता तर, ताई?"

तिनं रिकामी कपबशी उचलली.

"आणि आता वडलांनंतर? बापाच्या घरात लेकीला हक्क कुठला? भाऊ चांगला आहे, मला मान्य. पण भावजय आहे. उद्या त्यांची मुलं मोठी होतील. तुमचा दीरसुद्धा चांगलाच होता ना?"

"संगमेश तसा न्हाई," ती म्हणाली. पण आवाज तिचा तिलाच लहान वाटला.

"मी तुम्हाला घाबरवत नाही, ताई. मी फक्त विचारतोय."

तो गेला, पण गेला असं म्हणता येईना. एक दिवसाआड यायचा. कधी एसटीडीवाल्याकडं फोन करून निरोप ठेवायचा, कधी कौशल्याबाईंच्या ओट्यावर बसून हाक मारायचा. दर वेळी एक नवीन गोष्ट. आष्टीकडं एका बाईचं असं झालं, माजलगावातच एका सख्ख्या भावानं तसं केलं. माजलगाव म्हटलं की रुद्राणीच्या हातातलं काम थांबायचं. त्या दिवसांत तो माणूस घरात नसला तरी त्याचे प्रश्न घरात असायचे. भाकरी थापताना, भांडी घासताना ती त्यांची उत्तरं देत बसायची, आणि एकही उत्तर पुरं पडायचं नाही.

शेवटी एकदा जेवताना तिनं वडलांजवळ विषय काढला. "आप्पा, तो कागद... करून ठेवला तर काय बिघडंल?"

रुद्रप्पांचा हात ताटातच थांबला. "संगमेश तुला घराबाहेर काढील असं वाटतंय तुला?"

"मला न्हाई वाटत."

"मग?"

"आप्पा, तिकडंबी मला तसं वाटत नव्हतं."

रुद्रप्पांनी ताट सरकवलं, हात धुतले आणि दाराकडं तोंड करून म्हणाले, "बोलाव त्याला. पर मी मेल्यावर कसं व्हईल ह्याचा हिसाब तू करत बसलीस, हे मला ठावं नव्हतं."

"आप्पा, तसं न्हाई..."

"असू दे. बोलाव."

रविराज सकाळी सकाळीच आला. बरोबर एक गॉगलवाले मोठे साहेब, आणि साक्षीदार म्हणून आणलेली दोन माणसं. न्हाणीत आंघोळीचं पाणी तापलं होतं. रुद्रप्पा म्हणाले, "आंघोळ, पूजा उरकतो, मग बसू." साहेब म्हणाले, "पाच मिनिटांचं काम आहे बाबा, पुढं आम्हाला परळीला जायचंय." रुद्रप्पा खाटेवर बसले. लिंगपूजा झाल्याशिवाय पाणीसुद्धा तोंडात न घेणारा माणूस, तो पाच मिनिटं म्हणून बसला.

ती पाच मिनिटं उन्हं अंगणातून ओट्यावर चढली तरी संपली नाहीत. जमीन किती, घर कुणी बांधलं, दुकान भाड्याचं का मालकीचं, दागिने काय. मग कंपनीचा साधा प्लॅन, त्यापेक्षा मोठा प्लॅन. साहेब म्हणाले, सवलत आजच्यापुरतीच आहे, उद्या आपल्या हातात नाही. रुद्रप्पा म्हणाले, विचार करून सांगतो. साहेब म्हणाले, "विचार करता करताच माणसं जातात, बाबा. तुमच्या वयात उद्याचं कुणी सांगावं?" मध्ये रुद्राणीनं दोनदा पाणी तापवलं आणि दोनदा ते निवून गेलं. वडलांचे ओठ वाळून पांढरे पडलेले तिला दिसत होते.

शेवटी साहेबांनी मजकूर वाचून दाखवला. राहतं घर रुद्राणीला. दुकान संगमेशला. इथपर्यंत ठीक होतं. पुढं वाचलं, "माझा मुलगा संगमेश हा माझ्याशी व माझ्या मुलीशी नीट वागत नसून, माझ्या पश्चात तो तिला घराबाहेर काढील अशी माझी खात्री झाल्याने..."

"थांबा," रुद्रप्पा म्हणाले. "हे मी कदी म्हणलो?"

"तुम्ही म्हटलं नाही बाबा. ही कोर्टाची भाषा असते. मुलाला घरातून वगळायचं तर कारण द्यावं लागतं. कारण नसलं तर उद्या तो एका तारखेत हे उडवून लावील."

"पर हे खोटं हाय. माझं पोरगं तसं न्हाई."

"मग मृत्युपत्र कशाला करताय?" साहेब हसून म्हणाले आणि त्यांनी रुद्राणीकडं बघितलं. "ताई, तुम्हीच सांगा. पक्का कागद हवा की कच्चा?"

सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं. रुद्रप्पांनीही. त्यांची नजर अधू होती, तिचं तोंड त्यांना धड दिसलं असेल की नाही कोण जाणे. पण ते वाट बघत होते. ती एक शब्द बोलली असती, नको म्हणाली असती, तर ते त्याच पावली उठून न्हाणीत गेले असते. तिला नको म्हणायचंच होतं. पण घशाशी उदगीरचं स्टँड आलं, आणि ती म्हणाली, "त्येंना कायदा कळतो, आप्पा."

रुद्रप्पांनी पेन घेतलं. कुठं करू, म्हणून विचारलं. रविराजनं त्यांचं बोट धरून जागा दाखवली आणि त्यांनी सही केली.

त्या दिवसापासून घरातला आवाज गेला. रुद्रप्पा चिडले नाहीत, टाकून बोलले नाहीत. भाकरी वाढली की खायचे, पाणी दिलं की घ्यायचे. पण आधी दुकानातून आल्यावर ते पेठेतल्या साऱ्या गोष्टी सांगायचे, कोण आलतं, कुणाचं लग्न ठरलं, ते बंद झालं. पुढच्या महिन्यात संगमेश आला. नेहमीसारखा शर्ट अडकवला, ब्लेड घेतलं आणि ओट्यावर बसला. रुद्रप्पांनी पाय आखडून घेतले. "राहू दे आज."

"कावून? लई वाढलीत की."

"राहू दे म्हणलं ना."

संगमेशनं बहिणीकडं बघितलं. "काय झालं ग आप्पाला?"

"पाय दुखायलेत म्हणं," ती म्हणाली.

थोड्याच दिवसांनी रविराज पुन्हा हजर. आता म्हणे एक पुरवणी करायला हवी. भावानं आव्हान दिलं तर 'संरक्षण कलम' लागतं, त्याची वेगळी फी. या खेपेला रुद्राणी म्हणाली, उद्या सांगते. आणि दुसऱ्या दिवशी एसटीनं एकटीच परळीला गेली. तिथं मोहनराव वकील होते. रुद्रप्पांच्या दुकानातून त्यांच्या वडलांनी कैक वर्षं बैलांचा साज नेला होता. मोहनरावांनी कागदाची प्रत वाचली आणि चष्मा काढला.

"घर कुणी बांधलंय?"

"आप्पांनी. त्येंच्या कमाईतनं."

"मग ह्यातलं काहीच नसतं केलं तरी बापाच्या मागं लेकाइतकाच वाटा तुमचा होता. अन् विधवा लेकीला बापाच्या घरात राहायचा हक्क कायद्यानंच हाय. भावाच्या मनात आलं असतं तरी तुम्हाला काढता आलं नसतं." त्यांनी कागद उलटा करून ठेवला. "सगळं घर तुम्हालाच द्यायचं मनात असलं तरी साधा कागद, दोन साक्षीदार, बस. कारण लिहायची गरज नसती. हे असलं तर न्हाईच न्हाई."

रुद्राणीला वाटलं, आपल्याला कुणीतरी भर बाजारात उभं केलंय. "आता काय करावं?"

"दुसरा कागद करा. आधीचा रद्द, एवढं लिहिलं की झालं. वडलांना घेऊन या, न्हाईतर मी येतो."

दुसऱ्या दिवशी रविराज आला तेव्हा ती दारातच उभी राहिली. म्हणाली, "काही लागत न्हाई. जावा." तो हसला, तिच्या बाजूनं आत सरकला आणि खुर्चीत बसला. "कुणीतरी तुमचे कान भरलेत, ताई. पाच मिनिटं ऐकून घ्या." रुद्राणीनं त्याची कातडी बॅग उचलली, अंगण ओलांडलं आणि रस्त्याच्या मधोमध नेऊन ठेवली. समोरून ऊस भरलेला ट्रॅक्टर येत होता. रविराज धावत सुटला. पेठेतली माणसं बघत होती. "परत ह्या दारात आलास तर बॅग न्हाई, तुला ठेवीन तिथं," ती म्हणाली. तिला वाटलं होतं, असं बोलल्यावर छातीतलं ओझं उतरेल. पण आत येऊन बघते तर ओझं होतं तिथंच होतं.

संध्याकाळी तिनं वडलांना सगळं सांगितलं. मोहनराव काय म्हणाले, ते शब्दाला शब्द. "आप्पा, दुसरा कागद करू. ते वाक्य काढून टाकू. सगळाच कागद फाडू. मला काही नको."

रुद्रप्पा खाटेवर पडून होते. "तुला झोप लागती का आता?"

"आप्पा..."

"ते मेळाव्याचं झाल्यापासून तू रातीची कण्हायचीस. मला ऐकू येतंय. डोळे गेले, कान हाईत." त्यांनी कूस बदलली. "राहू दे तो कागद. घर तुझं हाय. नवा कागद टिकंल न टिकंल, ती भानगड पुन्हा नको. संगमेशला मी सांगतो. माझ्या तोंडानं सांगतो, ते वाक्य माझं न्हाई म्हणून. त्येला पटंल."

"मी सांगू का?"

"तू नको. सही मी केली."

पुढच्या खेपेला संगमेश आला तेव्हा रुद्रप्पांनी त्याला मागच्या खोलीत बोलावलं. रुद्राणी चुलीपुढं बसून कान देऊन होती. बराच वेळ आतून काही ऐकू आलं नाही. मग रुद्रप्पांचा आवाज आला, "धंदा कसा हाय?" आणि दोघं मोटारींच्या भावावर बोलत राहिले. त्यानंतरच्या वेळी रुद्रप्पांनी त्याला स्टँडवर पोचवायला जायचं काढलं, इतक्या वर्षांत कधी गेले नव्हते ते. परत आले तेव्हा रुद्राणीनं विचारलं, "सांगितलं?" ते म्हणाले, "गाडी लवकर लागली."

थंडी सरता सरता रुद्रप्पा गेले. आजारी नव्हते. पूजेला बसले आणि तिथंच भिंतीला टेकले. संगमेश बायकोपोरांना घेऊन आला. त्यानं बापाला आंघोळ घातली, भस्म लावलं आणि समाधी द्यायला नेण्याआधी, लोक खोळंबले असताना, पायाशी बसून त्यानं त्यांची वाढलेली नखं काढली. बघणारे रडले. रुद्राणीला रडता येईना. तिच्या डोक्यात एकच चाललं होतं: आता सांगायला कुणी उरलं नाही. मलाच सांगायला पाहिजे. आज नको, दिवस होऊ देत.

बीडच्या पेपरात निधनाची बातमी आली, ती संगमेशनंच दिली होती. मृताच्या नावानं होणाऱ्या शिवगणाराधनेच्या दिवशी अंगणात पाहुणे बसले होते, जंगम स्वामींच्या पंगतीची तयारी चालू होती. तेवढ्यात रविराज आला. हातात हार, काखेत फाइल. त्यानं फोटोला हार घातला, हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बाबांनी आमच्याकडं मृत्युपत्र ठेवलंय. वारसांसमोर वाचून दाखवणं आमचं कर्तव्य आहे. पुढची अंमलबजावणीसुद्धा आमचीच सेवा बघते."

रुद्राणी आतून धावली. "आज न्हाई. चल, नीघ इथनं."

"ताई, तुम्हाला का नको आहे ते मी समजू शकतो," तो म्हणाला, आणि त्यानं अशा काही स्वरात म्हटलं की पाहुण्यांच्या माना वळल्या.

संगमेश पुढं आला. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. "वाचू दे अक्का. आप्पांनी काही लिहून ठिवलं असंल तर ऐकू की. कावून अडवायलीस?"

रविराजनं वाचलं. एक शब्द न गाळता. ते वाक्य आलं तेव्हा अंगणात नुसत्या चुलाणावरच्या आमटीचा आवाज होता. संगमेशची बायको शिवकन्या पदर तोंडाला लावून आत गेली. वाचून झाल्यावर रविराजनं पुढचा कागद काढला आणि म्हणाला, याच्यावर दोन्ही वारसांनी आजच सही केली तर बरं, पुढं मुदतीचा प्रश्न येतो. एका म्हाताऱ्या पाहुण्यानं त्याला दंडाला धरून उठवलं आणि फाटकाबाहेर नेऊन सोडलं. तो गेला. त्याचं तिथलं काम झालं होतं.

संगमेशनं बहिणीला मागच्या खोलीत नेलं. "आप्पा असं म्हणले?"

"न्हाई रे. कदीच न्हाई. त्यांनी लिहिलं. आप्पा म्हणले, हे खोटं हाय."

"मग सही कुणाची?"

"आप्पांची."

"तू कुठं व्हतीस?"

"तिथंच," रुद्राणी म्हणाली.

ती सांगत राहिली. मेळावा, रविराज, मोहनराव, आप्पांनी दोनदा सांगायचा केलेला प्रयत्न. तो ऐकत होता, पण भिंतीकडं बघून. बाहेरून पंगतीला हाक आली तसा तो उठला आणि त्यानं सगळ्यांना स्वतः वाढलं.

त्यानं भांडण केलं नाही. मोहनरावांकडं जाऊन जे जे लागतं त्यावर सह्या करून टाकल्या. दुकान बंद करून चावी बहिणीकडंच दिली. ते भाड्यानं दे, येईल ते तुलाच ठेव, म्हणाला. गाव म्हणालं, भाऊ असावा तर असा. आणि मग तो येईनासा झाला.

रुद्राणी वाट बघून बघून स्वतःच माजलगावला गेली. त्याच्या दुकानात गर्दी होती. त्यानं पोराला सांगून खुर्ची दिली, चहा मागवला, जेवून जा म्हणाला. गिऱ्हाईक कमी झालं तेव्हा ती म्हणाली, "घर तुझ्या नावानं करून देते. मोहनरावांना विचारलंय मी."

"मला घर नको व्हतं अक्का. कदीच नको व्हतं."

"मग राग कशाचा? त्या वाक्याचा? सांगितलं ना, ते आप्पांचं न्हाई."

"ठावं हाय मला. आप्पांचा राग न्हाई. त्या कंपनीवाल्याचाबी न्हाई, असली माणसं आता गल्लीगल्लीत हाईत." तो एका पाइपाच्या तोंडातली माती बोटानं काढत होता. "तुला माझी भीती वाटली. वाटू दे. तुझं तिकडं तसं झालतं, मला कळतंय. पर तू त्या परक्या माणसाला विचारलंस, पोटातलं समदं सांगितलंस, आन मी महिन्याच्या महिन्याला येतोय, मला एकदाबी विचारलं न्हाईस. विचारायचं की, संगमेश, तू मला काढशील का रे?"

रुद्राणीच्या हातातल्या चहावर साय धरली होती. तो तिला स्टँडपर्यंत सोडायला आला, खिडकीतून आपला रुमाल टाकून जागा धरून दिली आणि गाडी सुटायच्या आत निघून गेला.

निश्चिंत वारसा सेवेचा बोर्ड वर्षभरात औरंगाबादेतून उतरला म्हणे. कुणी म्हणालं, रविराज आता सागवानाचे प्लॉट विकतो. रुद्राणीनं ते ऐकलं आणि सोडून दिलं. तिला घरातून कुणी काढलं नाही. घर तिचंच राहिलं. ती त्यात एकटी राहू लागली.

संगमेश वर्षातून एकदा सिरसाळ्याला येतो, आप्पांच्या तिथीला. स्टँडवर उतरतो आणि पेठेतून न जाता परस्पर समाधीवर जातो. घरी येत नाही. पहिल्या वर्षी रुद्राणी दुपारपर्यंत दारात उभी होती. कुणीतरी सांगितलं, तो तर समाधीला पाणी घालून निघालाय. दुसऱ्या वर्षीपासून ती सकाळीच भाकरी, आमटी बांधून तिथं जाऊन बसते. तो येतो, फूल-भस्म वाहतो, आणि मग तिनं वाढलेलं मुकाट्यानं जेवतो. पोरांचं विचारलं की सांगतो. दोघं लिंबाच्या सावलीत बसतात आणि गाडीची वेळ झाली की तो उठतो.

यंदा उठता उठता त्यानं विचारलं, "मागच्या खोलीचा पत्रा गळतोय का ग?"

"गळतोय. जास्त न्हाई. भगुलं ठेवते खाली."

"पावसाळ्याच्या आधी बदलून घे. पत्रा पाठवून देतो."

"तूच ये की घेऊन," ती म्हणाली.

त्यानं पिशवी खांद्याला लावली, समाधीकडं बघून हात जोडले. "माणूस पाठवतो," म्हणाला.

आठ-पंधरा दिवसांत टेम्पो आला. नवा पत्रा होता, खिळे, वायसर सगळं होतं, बसवणारा माणूसही बरोबर होता. त्यानं दिवसभर राबून पत्रा बसवला. रुद्राणीनं त्याला जेवू घातलं. जाताना तो म्हणाला, "मालकानं सांगितलंय, सगळं घर वरनं बघून ये, कुठं फट असंल तर बुजव म्हणून." रुद्राणी म्हणाली, "सांगा त्याला, आता कुठं गळत न्हाई." आणि तो गेल्यावर ती बराच वेळ त्या कोरड्या खोलीत बसून राहिली.